कौन्सिलचे सार्वजनिक कॅमेरे आपल्या वस्तीत हवेत की नकोत, हे कशावरून ठरवावे?

सांजवात (प्रश्न)

नमस्कार. मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका मध्यम आकाराच्या गावात अकरा वर्षे राहते आणि आमच्या चार रस्त्यांच्या रहिवासी मंडळाची चिटणीस म्हणून काम पाहते. आमच्या कौन्सिलने (म्हणजे इथल्या स्थानिक नगरपालिकेने) या भागात तीन सार्वजनिक सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा प्रस्ताव मांडला असून रहिवाशांनी आपले म्हणणे महिन्याभरात लेखी कळवावे, असे पत्र घरोघरी आले आहे. एक कॅमेरा बसथांब्यापाशी, दुसरा दुकानांच्या रांगेसमोर आणि तिसरा आमच्या घरांच्या मागून जाणाऱ्या अरुंद वाटेच्या तोंडाशी येणार आहे.

हा प्रस्ताव का आला, तेही सांगते. गेल्या हिवाळ्यात बसथांब्याची काच तीनदा फुटली. मागच्या वाटेत रात्री कोणीतरी जुन्या गाद्या आणि रंगाचे डबे टाकून जाते. नोव्हेंबरात एके दिवशी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, नुकताच अंधार पडला असताना, माझ्या सासूबाईंच्या खांद्यावरची पर्स बसथांब्याजवळ कोणीतरी हिसकावून नेली. त्या पडल्या नाहीत, पर्समध्येही चष्मा आणि बसचा पास यापलीकडे फारसे काही नव्हते. तरीही त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी बाहेर पडणे बंद केले आहे. "पर्स गेल्याचं काही नाही गं, पण मागे पावलं वाजली की छातीत धस्स होतं," असे त्या म्हणतात आणि त्यावर मला काही बोलता येत नाही.

मंडळाच्या बैठकीत सरळ दोन तट पडले. अर्ध्या लोकांना कॅमेरे उद्याच्या उद्या हवे आहेत. उरलेल्यांपैकी एका बाईंनी विचारले की मागच्या वाटेवरचा कॅमेरा त्यांच्या शयनगृहाच्या खिडकीकडे वळला तर काय करायचे. एका गृहस्थांना वाटते की आज चोरांसाठी बसवलेले कॅमेरे उद्या आपल्यालाच दंड करायला वापरतील. आणि दोन वयात आलेल्या मुलांच्या आईला भीती वाटते की तिची मुले मित्रांबरोबर नुसती उभी राहिली तरी संशयित ठरतील. या सगळ्यांच्या वतीने एकच पत्र मला लिहायचे आहे.

म्हणून ज्यांना या कामाची किंवा या कायद्यांची माहिती आहे, त्यांना विचारते: या कॅमेऱ्यांमागे खरोखर कोण बसलेले असते, त्यांच्यावर कोणाचा अंकुश असतो, आणि कॅमेऱ्यांमुळे गुन्हे कमी होतात असे कोणी तपासून पाहिले आहे का? मला कौन्सिलची बाजू घ्यायची नाही आणि विरोधासाठी विरोधही करायचा नाही. नीट समजून घेऊन लिहायचे आहे.

रात्रपाळी

सांजवात, तुमच्या सासूबाईंबद्दल वाचून वाईट वाटले. मी एका कौन्सिलच्या नियंत्रण कक्षात आठ वर्षे ऑपरेटर होतो आणि त्यातली बरीच वर्षे रात्रीच काढली, त्यामुळे कॅमेऱ्यामागे कोण असते, एवढ्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो.

आमच्या कक्षात भिंतभर पडदे होते आणि दोनशेच्या आसपास कॅमेरे एका वेळी दोन माणसांच्या हाती असत. दोन माणसे दोनशे चित्रे पाहू शकत नाहीत, हे सांगायला नकोच. कोणीतरी अखंड आपल्याकडे टक लावून बसले आहे अशी लोकांची समजूत असते, मग काहींना त्याचा आधार वाटतो आणि काहींना धास्ती. प्रत्यक्षात ऑपरेटरचे निम्मे काम कानांनी चालते. पोलिसांचा रेडिओ (म्हणजे वॉकीटॉकी), दुकानदारांचा रेडिओ आणि पबच्या दारावर उभ्या असणाऱ्यांचा रेडिओ हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. त्यावर कोणीतरी "लाल जॅकेट, पांढरे बूट, स्टेशनच्या दिशेने" असे म्हणते आणि आपला हात जॉयस्टिककडे जातो. म्हणून ज्या गावात दुकानदारांनी आणि कौन्सिलने हा रेडिओ जिवंत ठेवलेला असतो, तिथे तोच कॅमेरा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

एक रात्र मला नेहमी आठवते. जानेवारी महिना होता आणि पहाटेचे दोन-अडीच वाजले असतील. पोलिसांकडून निरोप आला की स्मृतिभ्रंश झालेले, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ घराचे दार उघडून निघून गेले आहेत आणि अंगावर पायजमा व स्वेटर एवढेच आहे. आम्ही त्यांच्या घराजवळच्या कॅमेऱ्याचे चित्रण मागे नेले, ते कोणत्या दिशेला वळले ते पाहिले, मग त्या दिशेचा पुढचा कॅमेरा, मग त्याच्या पुढचा. तिसऱ्या कॅमेऱ्यात ते दिसले तेव्हा एका पायात सपाता होती आणि दुसरा पाय नुसत्या मोज्यावर होता. शेवटी बस स्थानकाच्या मागच्या बाकावर ते बसलेले सापडले. पोलिसांची गाडी पोचेपर्यंत बारा मिनिटे मी कॅमेरा त्यांच्यावर धरून ठेवला होता आणि त्या बारा मिनिटांत ते स्वेटरला नसलेली बटणे लावण्याचा प्रयत्न करत होते. त्या रात्री कोणताही गुन्हा घडला नाही, त्यामुळे गुन्ह्यांच्या कोणत्याही आकडेवारीत ती रात्र नोंदली गेली नसेल. आमच्या कामाचा मोठा भाग असाच असतो: हरवलेली मुले, रस्त्यात कोसळलेली माणसे, पुलाच्या कठड्याशी बराच वेळ उभे असलेले कोणी.

आता तुमच्या शेजारणीच्या खिडकीविषयी. फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रणालीत घरांच्या खिडक्यांवर आवरण घालता येते. कॅमेरा तिकडे वळला की पडद्यावर तेवढा भाग राखाडी दिसतो आणि चित्रणातही तसाच उतरतो. हे आवरण बसवणाऱ्याने घालावे लागते, ते आपोआप येत नाही, म्हणून पत्रात ते नाव घेऊन मागा आणि कॅमेरा सुरू झाल्यावर मंडळाच्या दोघांना प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती करा. काही कौन्सिल रहिवाशांना नियंत्रण कक्ष पाहू देतात.

चित्रण आमच्याकडे ३१ दिवस राहत असे आणि नंतर त्यावर नवे चित्रण चढत असे. बहुतेक ठिकाणी मुदत महिन्याभराच्या आसपासच असते. पोलिसांनी त्या मुदतीत मागणी नोंदवली तर तेवढा तुकडा वेगळा काढून सुरक्षित ठेवतात, कोणी काढला आणि कोणाच्या हाती दिला याची वहीत नोंद होते. पाच आठवड्यांनी आलेल्या माणसाला आम्हांला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागे, आणि ते फार जिवावर येई. त्यामुळे काही घडले तर त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा आणि जागा व वेळ जितकी नेमकी सांगता येईल तितकी सांगा.

देखभालीबद्दलही जरूर विचारा. रात्री अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात, आणि भिंगासमोर जाळे विणले गेले की सगळा रस्ता पांढऱ्या धाग्यांच्या पलीकडे जातो. ते पुसायला शिडी घेऊन माणूस किती दिवसांनी येणार, यावर त्या कॅमेऱ्याची किंमत ठरते.

कलम सतरा

मी माहिती संरक्षणाच्या, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याच्या, क्षेत्रात काम करते. रात्रपाळी यांनी कक्षाच्या आतले चित्र दाखवले आहे, त्याला कायद्याची चौकट जोडते.

कौन्सिलला हे कॅमेरे बसवण्याचा अधिकार १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याच्या कलम १६३ ने दिला आहे. गुन्ह्यांना प्रतिबंध किंवा पीडितांचे हित हा हेतू असला पाहिजे आणि निर्णयापूर्वी त्या विभागाच्या पोलीस प्रमुखांशी सल्लामसलत झाली पाहिजे, असे ते कलम सांगते. पुढे १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर कायद्याने कौन्सिल, पोलीस आणि इतर सार्वजनिक संस्थांना भागीदारीत काम करण्यास बांधले. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार कौन्सिलने आपले प्रत्येक काम करताना गुन्हे रोखण्याचा विचार केलाच पाहिजे. (माझे इथले टोपणनाव त्यावरूनच घेतले आहे, कारण या एका कलमामुळे रस्त्यावरच्या दिव्यांपासून उद्यानाच्या कुंपणापर्यंत सगळ्याच गोष्टी सुरक्षिततेच्या प्रश्नात येतात आणि लोक ते विसरतात.)

अंकुशाचे म्हणाल तर २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याखाली २०१३ साली सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी आचारसंहिता आली, तिच्यात बारा तत्त्वे आहेत आणि २०२१ साली तिची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. कॅमेऱ्याचा हेतू नेमका व लिहिलेला असावा, कॅमेरा आहे हे लोकांना कळावे, संपर्कासाठी आणि तक्रारीसाठी ठिकाण असावे, गरजेपेक्षा जास्त काळ चित्रण ठेवू नये आणि प्रणाली अजून आवश्यक आहे का याचा नियमित फेरविचार व्हावा, असा तिचा आशय आहे. कौन्सिलने ही संहिता विचारात घेणे बंधनकारक आहे. मात्र ती न पाळल्याबद्दल थेट खटला भरता येत नाही, एवढी तिची मर्यादा लक्षात ठेवा. न्यायालयात ती पुरावा म्हणून मांडता येते. त्याखेरीज माहिती संरक्षणाचा कायदा आहेच आणि तो पाळला जात नसेल तर त्या कायद्यावर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय नियामकाकडे तक्रार करता येते.

माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी एकच असावी: माहिती संरक्षणाच्या परिणामांचे मूल्यमापन दाखवा. सार्वजनिक जागेवर मोठ्या प्रमाणात पद्धतशीर लक्ष ठेवायचे असेल तर ते आधी करावे लागते. हेतू काय, दुसरा सौम्य उपाय का पुरला नाही, कोणाला धोका आहे आणि तो कसा कमी केला, हे त्यात लिहावे लागते. ते वाचल्यावर तुमच्या बैठकीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळतील, आणि ज्यांची मिळणार नाहीत ते प्रश्न खरे आहेत असे समजा.

स्वतःचे चित्रण मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सामान्यतः एका महिन्यात आणि शुल्काशिवाय उत्तर मिळायला हवे, फक्त इतरांचे चेहरे झाकून ते दिले जाते. विशिष्ट माणसाच्या मागे ठरवून, त्याच्या नकळत कॅमेरा लावायचा असेल तर गोष्ट वेगळी होते. तिथे २००० चा तपासाधिकार नियमन कायदा लागू होतो, ज्याला सगळे रिपा म्हणतात. शाळेच्या प्रवेशक्षेत्रात कुटुंब खरोखर राहते का, हे पाहण्यासाठी दक्षिण इंग्लंडमधल्या पूल (Poole) या गावच्या कौन्सिलने एका कुटुंबावर पाळत ठेवल्याचे २००८ साली उघड झाले आणि २०१० साली न्यायाधिकरणाने ती पाळत बेकायदा ठरवली. तिथे कॅमेरे नव्हते, माणसे मागावर होती, पण अशा प्रकरणांमुळेच १ नोव्हेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांना अशा पाळतीसाठी मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागते आणि किरकोळ बाबींसाठी ती मिळत नाही. दंडाची भीती वाटणाऱ्या गृहस्थांना हे जरूर सांगा. त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कायदा बदलला तो अशाच शंकांमुळे.

आणि एक खटला माहीत असावा. १९९५ साली ब्रेंटवूड येथे कौन्सिलच्या ऑपरेटरला रात्री रस्त्यावर हातात सुरी घेतलेला एक माणूस दिसला. तो आत्महत्येच्या मनःस्थितीत होता. ऑपरेटरने पोलिसांना कळवले, पोलीस पोचले आणि त्याला मदत मिळाली. इथपर्यंत सारे योग्य झाले. परंतु नंतर कॅमेऱ्यांची उपयुक्तता लोकांना दाखवण्यासाठी त्याच प्रसंगाची चित्रे वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला देण्यात आली आणि त्याचा चेहरा नीट झाकला गेला नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी त्याला ओळखले. २००३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. ज्या कॅमेऱ्याने त्याला वाचवले त्याच कॅमेऱ्याचे चित्रण त्याला उघड्यावर आणण्यासाठी वापरले गेले, आणि दोन्ही वेळा बसवणारी संस्था एकच होती. चित्रण कोणाला, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या सहीने दिले जाईल, हा प्रश्न म्हणूनच कॅमेरा कुठे लावायचा या प्रश्नाइतका मोठा आहे.

तुलनापत्र

गुन्हे कमी होतात का, यावर मी लिहितो. माझा अभ्यासाचा विषय नगरनियोजन आहे आणि त्या निमित्ताने हे संशोधन बरेच वाचले आहे.

ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच्या कौन्सिल कॅमेऱ्यांची सुरुवात १९८० च्या दशकात बोर्नमथ आणि किंग्ज लिन यांसारख्या गावांत झाली, परंतु त्यांना लोकांचा पाठिंबा मिळाला तो १९९३ नंतर. त्या वर्षी लिव्हरपूलजवळच्या बूटल येथील शॉपिंग सेंटरमधून दोन वर्षांच्या मुलाला नेले गेल्याची धूसर चित्रे घराघरांत पाहिली गेली. त्या चित्रांनी तपासाला मदत झाली, पण ते मूल वाचले नाही. हा फरक त्या वेळच्या हळहळीत मागे पडला आणि सरकारी निधी वाहू लागला. १९९९ नंतरच्या एकाच कार्यक्रमात गृहखात्याने या योजनांसाठी सुमारे १७ कोटी पौंड दिले.

त्याच खात्याने मग परिणाम तपासून घेतला आणि २००५ साली अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्या १३ प्रणालींपैकी ६ ठिकाणी शेजारच्या तुलनेच्या भागापेक्षा गुन्हे बऱ्यापैकी घटलेले दिसले, पण योगायोग म्हणून बाजूला सारता येणार नाही एवढी घट केवळ २ ठिकाणी होती. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर त्या अहवालात प्रामाणिकपणे मांडलेले आहे. त्यानंतर २०१९ साली चाळीस वर्षांतल्या ८० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात एकूण गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट आढळली. सर्वांत चांगला परिणाम कार पार्कमध्ये दिसला, तिथली घट ३७ टक्क्यांच्या आसपास होती. निवासी भागांतही घट दिसली. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम आढळला नाही.

कारण समजायला कठीण नाही. गाडीची काच फोडणारा माणूस आधी आजूबाजूला पाहतो, पकडले जाण्याचा अंदाज बांधतो आणि मग हात घालतो. पबमधून बाहेर पडून रागाच्या भरात ठोसा मारणारा काहीच अंदाज बांधत नाही. विचार करून केलेल्या गुन्ह्याला कॅमेरा आडवा येऊ शकतो, आणि तोही करणाऱ्याला कॅमेरा दिसला आणि त्यामागे कोणी आहे असे वाटले तरच. त्याच आढाव्यात असेही दिसले की ज्या ठिकाणी माणूस प्रत्यक्ष पाहत होता आणि कॅमेऱ्याच्या जोडीला दिवे, गस्त यांसारखे दुसरे उपाय होते, तिथे परिणाम जास्त होता.

त्यामुळे तुमच्या तीन जागा मला एकसारख्या वाटत नाहीत. बसथांब्यावरची तोडफोड आणि हिसकाहिसकी यांसाठी कॅमेरा योग्य असू शकतो, कारण तिथे एकच ठरावीक बिंदू आहे आणि चित्रात चेहरा नीट येण्याची शक्यता आहे. दुकानांच्या रांगेत रात्रपाळी म्हणतात तो रेडिओ असेल तर बरे. मागच्या वाटेबद्दल मी साशंक आहे. तिथे आधी दिवा आहे का? वाटेच्या दोन्ही टोकांना रहिवाशांच्या किल्लीने उघडणारे फाटक बसवता येईल का? लिव्हरपूलमध्ये अशा फाटकांमुळे घरफोड्या कमी झाल्याचे अभ्यासात दिसले आहे, आणि फाटकाला कोणाच्याही खिडकीत डोकावता येत नाही. कचरा टाकणाऱ्यांसाठी बऱ्याच कौन्सिलांकडे एका जागेवरून दुसरीकडे हलवता येणारे कॅमेरे असतात. तीन महिने लावून काम झाले की काढता येतात. ते मागून पाहा.

दक्षिणवारा

मी बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षे राहतो. वरचे सगळे वाचले आणि पटलेही, परंतु आमच्याकडे जे झाले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०१० साली स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ या भागांत अचानक खांब उभे राहू लागले. हे दोन्ही भाग प्रामुख्याने मुस्लिम वस्तीचे आहेत. लोकांना सांगण्यात आले की हे सामुदायिक सुरक्षिततेसाठी आहे, गाड्यांच्या चोऱ्या आणि असभ्य वर्तन रोखण्यासाठी आहे. नंतर बाहेर आले की एकूण २१८ कॅमेऱ्यांच्या या योजनेचे सुमारे ३० लाख पौंड दहशतवादविरोधी निधीतून आले होते, त्यातले बरेच कॅमेरे गाड्यांचे क्रमांक टिपणारे होते आणि ७२ तर लपवलेले होते. लोक खवळले. सभा झाल्या, कॅमेऱ्यांवर पिशव्या बांधण्यात आल्या, थेम्स व्हॅलीच्या पोलीस प्रमुख सारा थॉर्नटन यांनी केलेल्या चौकशीत या योजनेवर कडक टीका झाली आणि २०११ साली सगळे खांब उतरवावे लागले.

माझे एक दुकानदार मित्र त्या भागात होते. त्यांच्या दुकानात त्याआधी दोनदा चोरी झाली होती, म्हणजे कॅमेरा हवा म्हणणाऱ्यांत ते पहिले होते. खांब दिसले तेव्हा त्यांना आनंद झाला होता. खरे कारण कळल्यावर ते मला म्हणाले, "मी ज्याला राखण समजत होतो, ते माझ्यावरच लावलेलं होतं." काळी पिशवी बांधलेला एक कॅमेरा कित्येक महिने त्यांच्या दुकानाच्या दारातून दिसत असे. त्या काळात दुकानात चोरी झाली तरी पोलिसांना फोन करावासा वाटत नसे, असे ते सांगत. हे नुकसान पैशात मोजता येत नाही आणि खांब काढल्याने भरूनही येत नाही.

म्हणून ज्या आईला आपल्या मुलांची काळजी वाटते तिचे म्हणणे तुमच्या पत्रात तिच्याच शब्दांत आले पाहिजे. पैसा कुठून आला, हेतू कोणता, उद्या चेहरा ओळखणारे तंत्र जोडायचे ठरले तर पुन्हा लोकांना विचारणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

कलम सतरा

दक्षिणवारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगते. चेहरा ओळखण्याचे तंत्र पोलिसांनी कसे वापरावे, यावर २०२० साली अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांच्या विरोधात निकाल दिला आहे. कोणाचा चेहरा पोलिसांच्या शोधयादीत घालायचा आणि हे तंत्र कुठे लावायचे, हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर फार सोडले होते, आणि हे तंत्र वंश किंवा लिंग यांवरून भेदभाव करते का याची पुरेशी खातरजमा केली नव्हती, अशी त्यातली कारणे होती. कौन्सिलच्या साध्या कॅमेऱ्याला असे तंत्र पुढे जोडले तर तो नवा हेतू ठरतो आणि त्याचे मूल्यमापन नव्याने करावे लागते. हे वाक्य पत्रात घाला, ते घालण्यात कोणालाच अडचण वाटू नये.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हे सगळे मंडळाच्या पाच जणांनी एकत्र बसून वाचले. सासूबाईही बसल्या होत्या. सपातेचा प्रसंग वाचला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या की आपल्या पत्रात ऑपरेटर किती असणार ते विचार.

आमचे साधारण ठरले ते असे. बसथांब्याच्या कॅमेऱ्याला आम्ही पाठिंबा देणार आहोत, पण तो रात्री किती वाजेपर्यंत प्रत्यक्ष पाहिला जाणार आणि काही दिसल्यास कोण येणार, हे सांगण्याच्या अटीवर. दुकानांसमोरच्या कॅमेऱ्याबाबत दुकानदारांना रेडिओबद्दल आधी विचारतो आहोत. चारपैकी दोघांना तो काय असतो हेच माहीत नव्हते. मागच्या वाटेवरच्या कॅमेऱ्याऐवजी दिवा आणि फाटक मागतो आहोत, आणि कचऱ्यासाठी हवा असेल तर ठरावीक मुदतीचा, हलवता येणारा कॅमेरा चालेल असे लिहितो आहोत. परिणामांचे मूल्यमापन, खिडक्यांवरचे आवरण, निधीचा स्रोत आणि एका वर्षाने रहिवाशांसमोर फेरविचार हे सगळे मागण्यांत आहेच. मुलांच्या आईने आपला परिच्छेद स्वतः लिहून दिला आहे आणि त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही.

शयनगृहाच्या खिडकीवाल्या बाई अजून नाही म्हणतात. त्यांचे नाही हे पत्रात तसेच लिहिणार आहे.

आणखी काही राहिले आहे असे कोणाला वाटत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगावे, शनिवारी पत्र जाईल.

रात्रपाळी

एकच सुचवतो. कॅमेऱ्याच्या जागेची पाहणी करायला माणसे आली की खांबावरून काय दिसते ते पाहून जातात, आणि पाहणी हिवाळ्यात झाली तर झाडांना पाने नसतात. आमच्याकडे एका चौकातला कॅमेरा डिसेंबरात बसवला तेव्हा चारही रस्ते स्वच्छ दिसत होते आणि जूनमध्ये त्याच पडद्यावर फक्त हलणारा हिरवा रंग दिसे. झाड छाटायची परवानगी कौन्सिलच्याच दुसऱ्या खात्याकडून यायची होती आणि ती यायला पुढचा ऑक्टोबर उजाडला, तोवर पाने आपोआप गळायला लागली होती. तुमच्या बसथांब्याजवळ झाड आहे का, तेवढे पत्र धाडण्यापूर्वी पाहून घ्या.

सांजवात

आहे. चेस्टनटचे मोठे झाड आहे आणि त्याची एक फांदी थेट थांब्याच्या छतावर येते. सासूबाई नेहमी त्याच्याच खाली उभ्या राहत असत. उद्या सकाळी फोटो काढून पत्राला जोडते.